आधी नकाशा, मग पान

लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. "बरं झालं हो, तुमची लेक शहाणी झाली," लिफ्टच्या आरशात केस नीट करत त्या म्हणाल्या. "मध्ये तो आठवडा म्हणजे अगदी ऐकवत नव्हतं. आमचे हे तर म्हणाले, वर जाऊन बघून येतो, बाळ एकटंच टाकून गेलेत की काय." मी हसले. "दात येत होते तिला," मी म्हणाले. "तरीच," असं म्हणून त्या बाहेर पडल्या आणि मी लिफ्टमध्येच उभी राहिले. दार माझ्यासाठी थोडा वेळ थांबलं, मग मिटायला लागलं, तेव्हा हात मध्ये घालून मी बाहेर आले.

दात. गोटीला अजून एकही दात आलेला नाही. मी रोज तिच्या हिरड्यांवरून बोट फिरवून बघते. तरी थाप कशी सुळकन बाहेर आली, कुणी मागितलेली नसताना. घरातलं काही उघडं पडतंय असं वाटलं की तोंड आधी धावतं, डोकं मागून धापा टाकत येतं. माझं डोकं रस्त्यावर आल्यावर पोचलं. कुठला आठवडा? पहिले काही महिने गोटी रडायची, सारखी उठायची, पण तिचं पहिलं कण्हणं ऐकूनच मी उठलेली असायचे आणि रडणं खालच्या मजल्यापर्यंत जायच्या आत माझ्या खांद्यात जिरलेलं असायचं. काकू म्हणत होत्या ते रडणं वेगळं होतं. ते कुणी न उचललेलं रडणं होतं. चालता चालता मी एकेक आठवडा मागे टाकत गेले आणि ज्या आठवड्यातलं मला काहीच ऐकू येणं शक्य नव्हतं त्याच्यापाशी येऊन थांबले. त्या आठवड्यात मी झोपले होते.

म्हणजे, मला झोपवलं होतं. गोटी सहा महिन्यांची होईपर्यंत मी सलग अशी झोपलेच नव्हते. ती झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचे, श्वास लागला की बोट काढायचे आणि काढल्याबरोबर वाटायचं, आता थांबला असेल. एकदा लोण्याचा डबा कपड्यांच्या कपाटात सापडला आणि गोटीचे मोजे फ्रीजमध्ये. यावर घरात सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता मला थांबताच येईना. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, हिला आधी झोपू द्या, बाकीचं नंतर. नवऱ्यानं मागची खोली रिकामी करून दिली, कानात घालायचे मेणाचे बोळे आणून दिले. "मी आहे, आई आहे. तू काही ऐकायचं नाहीस." मी काही ऐकलं नाही. आठवड्यानंतर बाहेर आले ती धुतलेल्या काचेसारखी, आणि सकाळच्या चहाला दोघांनी मला बातमी दिली. गोटी रात्रभर झोपते. एकदाही उठत नाही. "खरंच?" मी विचारलं. "तुझी शपथ," नवरा म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "मूल आईच्या काळजीनं उठतं बरं का. आई निवांत झाली की तेही निवांत." हे वाक्य लागलं मला, मूल उठत होतं ते माझ्यामुळे असा त्याचा अर्थ होता, पण मी ते गिळलं, कारण त्याच वाक्याच्या आधारावर मला कामावर परत जाता येणार होतं. आणि मी गेले. रात्रभर झोपणाऱ्या मुलीची आई म्हणून गेले. भेटेल त्याला सांगत सुटले. लिफ्टपासून बसथांब्यापर्यंत जाताना मला पहिल्यांदा वाटलं की ही बातमी खोटी असेल तर मी आता जिथे चालले आहे तिथे मला जायचाच हक्क नाही.

लगेच वाटलं, काकूंचं काय घेऊन बसलीस. त्यांना टीव्हीचाही आवाज वरून येतोय असं वाटतं.

ऑफिसात चाचणी करणारी मुलगी माझी वाटच बघत होती. तिला सगळे घूस म्हणतात, कारण ती कुठेही शिरते आणि पोखरते; तिलाही ते नाव आवडतं. "ताई, आणखी एक थिजलं," ती म्हणाली, "या खेपेला माझ्या डोळ्यांदेखत. हात लावू दिलेला नाही कुणाला." तिच्या खोलीत ते यंत्र टेबलावर होतं. पंखा फिरत होता, हिरवा दिवा लागलेला होता, पडद्यावर शेवटची ओळ अर्धी लिहून राहिलेली होती. कळ दाबली तर काही नाही. गिऱ्हाइकांकडे गेलेली यंत्रं महिनाभर अशीच अधूनमधून थिजत होती, आणि प्रोग्रॅमच्या ज्या भागावर संशय होता त्या भागाच्या माथ्यावर माझं नाव होतं. आमचे मुख्य, ज्यांना आम्ही पाठीमागे पंतोजी म्हणतो, ते परवा फार मायेनं म्हणाले होते, "हल्ली जरा हलकं काम घेतेस का? बाळंतपणानंतर विसर पडतो, माझ्या बायकोचंही असंच झालं होतं." त्यांची बायको बँकेत होती आणि ती काय विसरली होती ते त्यांनी सांगितलं नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे, ऐकणाऱ्याला जांभई येते एवढंच. यंत्राच्या सगळ्यात आतल्या थरात, ज्याला कर्नल म्हणतात, मी मेमरी सांभाळते. मेमरीचे सारखे लहान लहान तुकडे केलेले असतात, त्यांना पानं म्हणतात. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमकडे आपली कुठली पानं कुठे आहेत याचा एक नकाशा असतो. मेमरी कमी पडायला लागली की आमचा सफाईवाला निघतो, कुणी बरेच दिवस न वापरलेली पानं उचलतो, मोकळी करतो. पानाला हात लावायचा तर पानाचं लॉक घ्यायचं, नकाशा बदलायचा तर नकाशाचं. एकाच वेळी दोघांनी हात घालू नये म्हणून. आणि बहुतेकांना दोन्ही लागतात. एकानं नकाशा धरला आणि तो पानासाठी थांबला, दुसऱ्यानं पान धरलं आणि तो नकाशासाठी थांबला, की संपलं. दोघंही सज्जन असतात. कुणी कुणाचं हिसकावत नाही. दुसरा आता सोडेल, आता सोडेल म्हणून दोघंही जगाच्या अंतापर्यंत उभे राहतात, त्यांच्यामागे रांग लागते, आणि यंत्र मोडत नाही, पडत नाही, तक्रार करत नाही. नुसतं थांबतं. म्हणून माझा नियम आहे: आधी नकाशा, मग पान. सगळ्यांनी याच क्रमानं घ्यायचं, म्हणजे गाठ बसतच नाही. फक्त सफाईवाल्याची पंचाईत होते, कारण त्याच्या हाती आधी पान लागतं. त्याच्यासाठी मी वेगळं लिहिलं होतं: नकाशा मोकळा आहे का एकदाच विचार. नसला तर थांबू नकोस. हातातलं पानही खाली ठेव आणि पुढे जा. हे काही सगळ्यांना आवडत नसे. हातात आलेलं सोडून द्यायचं म्हणजे केलेलं काम फुकट. पण मला त्या ओळीचा अभिमान होता. सोडता येणं हेच खरं शहाणपण असं काहीतरी मला तेव्हा वाटे, लग्न नवीन होतं.

त्यावर पहारेकरी होता. तोही मीच लिहिला. तो लॉक घेण्याचे क्रम ध्यानात ठेवतो आणि कुणी कधीही उलट्या क्रमानं गेलं की ओरडतो. गाठ बसली म्हणून नाही, कधीतरी बसू शकेल म्हणून. काही झालेलं नसताना ओरडतो, त्यामुळे तो कुणाचाच लाडका नाही. नवरा चेष्टेनं म्हणायचा, "तुझ्यावरच गेलाय." आम्ही एकाच चमूत आहोत. मी रजेवर असताना माझा भाग त्याच्याकडे होता.

थिजलेल्या यंत्राच्या पोटातून कोण कुठे अडकलंय ते घुशीनं काढून दिलं. बाकीचे शेकडो रांगेत उभे होते, पण मुळाशी दोघंच. एकाच्या हातात नकाशा, त्याला पान हवं. दुसरा सफाईवाला, त्याच्या हातात पान, आणि तो नकाशासाठी थांबला होता. "थांबला कसा?" मी मोठ्यानं म्हणाले. "आणि थांबला तर पहारेकरी का नाही बोंबलला?" घूस म्हणाली. तेच मला कळेना. असं काही असतं तर तो पहिल्याच दिवशी ओरडला असता. तो गप्प होता म्हणूनच तर आम्ही सगळे निर्धास्त होतो. मी माझा भाग उघडला. पहारेकऱ्याच्या भरवशावर तो महिनोन्महिने उघडलाच नव्हता, संशय आल्यावरही. आपल्या घरात शिरावं आणि खुर्ची कुणीतरी इंचभर सरकवलेली असावी तसं काहीतरी आधी अंगाला जाणवलं, मग डोळ्यांना दिसलं. "एकदाच विचार"च्या जागी "थांब" होतं. आणि त्याच ओळीत, नकाशाच्या लॉकला एक खूण लावलेली होती: हे धाकटं आहे.

ही खूण खरी असते, कामाची असते. एकाच जातीची दोन लॉक एकात एक घ्यावी लागतात, बाहेरच्या फोल्डरचं आणि आतल्या फोल्डरचं, तेव्हा पहारेकऱ्याला सांगावं लागतं की बाबा, हे थोरलं, हे धाकटं, घाबरू नकोस. मग तो धाकट्याला वेगळी जात समजतो आणि गप्प बसतो. पण नकाशात थोरलं-धाकटं असं काही नसतं. कुणी नकाशाला धाकटं म्हटलं तर त्याचा एकच अर्थ होतो, की पहारेकरी ओरडला होता आणि त्याचं तोंड बंद करायचं होतं. आणि हे असं बंद करता येतं हे फार कुणाला माहीत नाही. मी एकदा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून एकाच माणसाला सांगितलं होतं. एक वाटी दुसऱ्या वाटीत ठेवून दाखवलं होतं. "म्हणजे लबाडी करायची तर किती सोपी आहे बघ," असं मी म्हणाले होते, आणि तो हसून म्हणाला होता, "तुझ्यासमोर कुणाची टाप आहे?" त्या दोन वाट्या मला आता स्पष्ट दिसत होत्या, आतली किंचित वाकडी बसलेली. घूस पडद्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग उगीचच केबल गुंडाळायला लागली. खूण कोणाची हे तिलाही कळलं असणार. दुसरं होतंच कोण तेव्हा.

कामाच्या जागी आम्ही नवरा-बायको नसतो असं आमचं ठरलेलं आहे, मागचा जिना सोडून. तिथे मी त्याला बोलावलं. तो हातात चहाचे दोन कागदी कप घेऊन आला.

"धाकटं तू केलंस?"

त्यानं कप पायरीवर ठेवले. "अगं, सांगणार होतो."

"कधी?"

"तू जरा सावरल्यावर."

"मी सावरून दोन महिने होत आले. रोज समोर बसतोस."

"मग राहून गेलं. हे बघ, मेमरी लवकर मोकळी होत नव्हती. तुझा तो सफाईवाला जरा अडलं की हातचं टाकून पुढे. चाचण्या धडाधड नापास. पंतोजी डोक्यावर बसलेले. म्हटलं, थांबू दे बिचाऱ्याला थोडं. सगळं मार्गी लागलं की परत काढणार होतो."

"आणि पहारेकरी?"

"ओरडायला लागला तो. तू असतीस तर विचारलं असतं. पण तुला फोन करायचा नाही असं ठरलं होतं."

"कुणाचं ठरलं होतं?"

"आमचं. म्हणजे आईचं नि माझं. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या ना."

दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटवायच्या नाहीत असं मी जिन्यात येताना ठरवलं होतं. यंत्र वेगळं, मूल वेगळं. नाहीतर लोक म्हणतात, ही बाई सगळीकडे तेच बघते. पण "आमचं" हा शब्द ऐकला आणि दुसरी गोष्ट आपणहून येऊन शेजारी उभी राहिली. "काकू भेटल्या लिफ्टमध्ये," मी म्हणाले. "त्या म्हणाल्या, गोटी आठवडाभर रडत होती."

"आठवडा नाही," तो म्हणाला. "चार-पाच रात्री." त्यानं आकडा सुधारला. बाकी काहीच नाकारलं नाही.

"आई म्हणाली, दार लावून रडू द्यायचं. आम्हाला असंच वाढवलं म्हणे. पहिल्या रात्री फार रडली. मी दाराबाहेर बसून होतो ग, हललो नाही. मग हळूहळू कमी होत गेलं."

"दाराबाहेर."

"पूर्ण वेळ."

"आत नाही गेलास."

"आत गेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू, असं आई म्हणाली."

"तू माझी शपथ घेतलीस. एकदाही उठली नाही म्हणालास."

"तू झोपावीस म्हणून. झोपलीस ना? बघ आता किती बरी आहेस."

"ती झोपते का आता?"

"रडत नाही."

"मी ते विचारलं नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीसारखी खोलात शिरायला लागले की तो बघतो तसं, थोडं दमलेलं, थोडं मायेचं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी फोनवर बोलत खाली आलं, आम्ही भिंतीला सरकून वाट दिली आणि दोघंही त्या माणसाकडे बघून हसलो. किती छान हसतो आम्ही. तो माणूस गेल्यावर नवरा म्हणाला, "चहा निवतोय."

तो दुष्ट असता तर सोपं झालं असतं. मी जागेवर येऊन बसले आणि माझ्या डोळ्यांसमोर दाराबाहेर बसलेला तो येत राहिला, गुडघे जवळ घेऊन, दोन्ही तळवे फरशीवर. त्याला त्रास झाला असणार. आवाज कमी कमी होत गेला तेव्हा त्याला बरं वाटलं असणार, चाचण्या पास झाल्या तेव्हा वाटलं तसंच. पण मला सलत होतं ते त्या रात्रींचं नव्हतं, त्यांच्यानंतरच्या सकाळचं. चहाच्या टेबलावर मी रडले होते, आनंदानं. माझी गोटी झोपते, माझी गोटी झोपते म्हणत सासूबाईंच्या गळ्यात पडले होते. माझ्या खांद्यावरून त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं असेल का? मी पाठमोरी होते. पुढे रोज रात्री मी ते ऐकायचं यंत्र उशाशी घ्यायचे, गोटीच्या खोलीत आवाज झाला की त्यावरचे दिवे चढतात. दिवे कधी चढायचे नाहीत. अंधारात तो विझलेला डबा मी हातात धरून झोपायचे आणि शेजारी तो पडलेला असायचा, माझं सुख बघत. त्याला माहीत होतं. माझ्या सुखाला त्यानं रोज रात्री शेजारी पडून संमती दिली.

दुपारी मी "धाकटं" काढून टाकलं, माझी जुनी ओळ परत घातली. ती आधी नीट तपासावी, मग सगळीकडे घालावी असा क्रम असतो. पण त्याआधी मी एक गोष्ट केली, जी पंतोजींना आवडणार नव्हती: फक्त खूण काढलेली, ओळ त्याचीच ठेवलेली, अशी प्रत घुशीच्या सगळ्या यंत्रांवर चढवायला सांगितली. मला पहारेकऱ्याचं ऐकायचं होतं. बसमध्ये असताना तिचा फोन आला. "ताई, सगळी बोंबलायला लागलीत. एकजात. पंतोजी विचारतायत, बंद करू का?"

"ओरडू दे."

"काय सांगू त्यांना?"

"सांग, पूर्वीपासूनच ओरडत होतं."

तिनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "तुमच्या नवऱ्यानंही ऐकलं. इथेच उभे होते." मी फोन ठेवला. पंतोजी उद्या मला हलकं काम देतील की नवऱ्याला, याचा विचार करून पाहिला, पण तो विचार दुसऱ्याच कुणाच्या घरातला वाटला.

मी रोजच्यापेक्षा बरीच लवकर घरी पोचले. खिडकीत अजून ऊन होतं. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. गोटीच्या झबल्यांची वेगळी चळत, कोपऱ्याला कोपरा. त्यांच्या घड्यांना मी कधी नावं ठेवू शकले नाही. "लवकर आलीस? हळू, झोपलीय," त्या कुजबुजल्या. "केव्हाची. आत्ताच कान लावून आले दाराला."

"आई, कान लावून काय कळतं?"

"रडत नाही म्हणजे झोपलीय. त्यात काय कळायचंय?" त्या हसल्या. "तुला मेलीला सुख बोचतं. एवढी गुणाची पोर लोकांना नवस करून मिळत नाही."

मी त्यांना विचारणार होते. संपूर्ण रस्ताभर वाक्यं जुळवत आले होते, एकापेक्षा एक धारदार. पण त्यांनी झबल्याची बाही उलटी झालेली पाहिली, बोट घालून ती सरळ केली, आणि माझी वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक. चप्पल हातात घेऊन मी गोटीच्या खोलीचं दार ढकललं.

पडदे ओढलेले होते. पाळण्याच्या गजांमधून मला आधी तिचा पाय दिसला, मोजा निघालेला. मग डोळे. ती जागी होती. पाठीवर पडून छताकडे बघत होती, एका हातात मोजा धरलेला, आणि तो मोजा ती हलवतही नव्हती. मी वाकले तशी तिची नजर माझ्यावर आली, शांत, ओळखीची. तिनं हात वर केले नाहीत. लिफ्टमधली बाई जशी आरशातून बघते तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या खाली हात घातला. दुपटं ओलं होतं, पाठीपर्यंत ओलं, आणि गार. नुकतं ओलं झालेलं दुपटं कोमट असतं हे मला सांगायला कुणी लागत नाही. ते गार व्हायला वेळ जातो. तो सगळा वेळ ती अशीच पडून होती, दाराला कान लागला तेव्हाही.

मी तिला उचललं. ओली पाठ माझ्या सदऱ्याला चिकटली. ती खांद्यावर मान टाकून राहिली, वजनानं पूर्वीपेक्षा भरलेली, आणि मी तिच्या कानाशी म्हणाले, "ओरड की ग." तिनं ऐकलं, कारण तिचा श्वास जरा थांबला. "एकदा तरी." बाहेर किल्लीचा आवाज झाला. नवराही लवकर आला होता. दोघांची कुजबूज ऐकू आली, सासूबाईंचं "हळू" आणि त्याचं काहीतरी, मग पावलं दारापर्यंत आली आणि तिथे थांबली. त्यानं दार उघडलं नाही. खाली, दाराच्या फटीत त्याची सावली दिसत होती, अगदी त्याच जागी बसायचा असणार तो.

"झोपली का ग?" त्यानं हळूच विचारलं.

गोटीच्या पापण्या माझ्या मानेवर उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. आम्ही दोघी जाग्या होतो. दोघींपैकी कुणीही आवाज केला नाही.